धोक्यात ‘आली’ की ‘घातली’

जयू,

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून हे लिहितेय. कोर्टाची जेवणाची सुट्टी संपत आलीय, थोड्या वेळात अर्जवाले येतील. शटरखालून फक्त लोकांचे पाय दिसतात. चालणाऱ्या पायांचं काही वाटत नाही. एखादी चप्पल थांबली की माझी बोटं कीबोर्डवर थांबतात. तू असतीस तर हसली असतीस. "सुने, चपला काय चावतान का गो?" म्हणाली असतीस.

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. कोलशेतला नाक्यावर तुझा मोठा बॅनर लागलाय. भाचीच्या हळदीतला फोटो आहे, केसात अबोलीचा गजरा, आणि कुणीतरी हाक मारल्यासारखी तू बाजूला बघतेस. खाली लिहिलंय की तू स्वतःचा जीव धोक्यात घालून एका माणसाला वाचवलंस. लोक थांबून वाचतात, नमस्कार करतात. कोलशेतला आले तरी मी त्या रस्त्याने जात नाही, मागच्या गल्लीने फिरून जाते. मला ती ओळ वाचवत नाही. का ते तुला सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहायला बसलेय.

मी पहिल्यापासून भित्री. तुझ्याएवढं हे कुणाला माहीत असणार? बाबा कोलशेतच्या कंपनीत होते, आम्ही चाळीत राहायचो, आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीपासून तू माझ्या शेजारी. तुझ्या घरी मी पहिल्यांदा आले तेव्हा तुझ्या आजीने मला पाणी वेगळ्या ग्लासात दिलं. स्टीलचा, तळाशी चेपलेला ग्लास. मला कळलं, तुलाही कळलं. आठ वर्षांच्या मुलीला काय काय कळतं. मी पाणी प्यायले आणि तू तो ग्लास माझ्या हातातून घेऊन, माठात बुडवून, आजीच्या देखत त्यातूनच पाणी प्यायलीस. आजीने तुला पाठीत धपाटा घातला. मी घाबरून रडायला लागले आणि तू मार खाऊन हसत होतीस. त्यानंतर त्या घरात मला कधी वेगळा ग्लास मिळाला नाही.

तेव्हापासून आपलं असंच चालत आलं, तू पुढे आणि मी मागे. खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या पकडायला तू न्यायचीस आणि मी काठावर तुझ्या चपला धरून उभी राहायचे. दहावीनंतर तू मासळीच्या टोपलीला हात घातलास, मी टायपिंग शिकले. लग्न होऊन मी ठाकुर्लीला गेले, तू गावातच महादूच्या घरी. तरी बुधवारी आणि शुक्रवारी तू मासळी विकून झाली की माझ्या दुकानात यायचीस, पंख्याखाली बसून अर्धा तास तरी पाय पसरायचीस. माझ्या झेरॉक्सच्या कागदांना मासळीचा वास लागतो म्हणून मी कुरकुर करायचे. आता बुधवारी मी खुर्ची पुसून ठेवते आणि मग स्वतःवरच चिडते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी तू आलीस ती पाय न पसरता बसलीस. घोट्यापासून खाली कातडी लाल झाली होती, दोन ठिकाणी सोललेली. मला वाटलं गरम पाणी सांडलं. तू म्हणालीस, खाडीचं पाणी. मग सांगायला लागलीस. गावाच्या टोकाला तिवरांच्या झाडीच्या आधी जो नाला खाडीला मिळतो, त्याच्या वरच्या बाजूला नवं गोदाम झालंय. उजाडायच्या सुमाराला तिथे टँकर येतो, पाइप नाल्यात सोडतो आणि अर्ध्या तासात रिकामा होऊन जातो. कुठल्यातरी कंपन्यांचं वापरून झालेलं ॲसिड, केमिकल. ते नीट साफ करून टाकायला खर्च येतो म्हणून इथे. आधी चिंबोऱ्या मेल्या. मग निवट्या, चिखलावर उड्या मारणाऱ्या त्या मासोळ्या, एका सकाळी सगळ्या पोट वर करून पडलेल्या.

आणि मग ती कोल्हीण. तिवरांत राहणारी, तू तिला दोन वर्षं ओळखत होतीस. ओहोटीला पिल्लं घेऊन चिखलावर यायची, तुला बघून पळायची नाही. ती नाल्याच्या तोंडाशी मरून पडलेली तुला सापडली, आणि पिल्लं कुठेच नव्हती. ते सांगताना तू रडलीस. तुझी आई गेली तेव्हाही मी तुला इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

मग डोळे पुसून म्हणालीस, "अर्ज लिव."

अर्ज लिहिणं हे माझं रोजचं काम. मी सराईतपणे टाइप केलं की, गोदामालगतच्या नाल्यात रसायने सोडली जात असल्याने खाडीतील जीवसृष्टी व स्थानिक मच्छीमारांचे आरोग्य धोक्यात आले आहे. तुला वाचून दाखवलं. तू मान तिरकी करून ऐकलंस.

"धोक्यात आलं? चालत आलं का ता?"

मी म्हटलं, असंच लिहितात, ही सरकारी भाषा आहे.

"सुने, मी बाजारात बोलली की मासळी नासली, तर गिऱ्हाईक माझ्याकडं बघतंय. मी नासवली का बरफवाल्यानं नासवली, ता सांगावं लागतं. धोक्यात कोनी घातलं, त्याचं नाव लिव."

त्यावर आपण तासभर भांडलो. मी म्हणत होते की नाव घातलं की पुरावा मागतात, उलट आपल्यालाच नोटीस येते. तू म्हणत होतीस की नाव नाही घातलं तर कुणाला काही करावंच लागत नाही. मी शेवटी म्हटलं, ठीक आहे, टँकरच्या ड्रायव्हरने असं लिहूया. तू लगेच नाही म्हणालीस. ड्रायव्हर पोटासाठी येतो, त्याला पाठवणारा घरी झोपलेला असतो, त्याचं लिही. गोदामाच्या मालकाचं पूर्ण नाव तुला माहीत होतं. टँकरचा नंबर, गोदामाची पाटी, नाल्यात सोडलेला पाइप, सगळ्याचे फोटो तू मला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवले होतेस.

ते नाव मी इथे लिहीत नाही. जिथे लिहायचं तिथे आता ते लिहिलं गेलंय, आणि वकिलांनी सांगितलंय की बाकी कुठे लिहू नका. हा माझा जुना भित्रेपणा नाही, असं मी स्वतःला सांगत असते.

तर त्या दिवशी मी तुझ्या मनासारखं लिहिलं. ‘यांनी नाल्यात घातक रसायने सोडून मच्छीमारांचे जीव व खाडीतील जीवसृष्टी धोक्यात घातली आहे.’ दोन पानं झाली. दुसऱ्या पानावर तू सही केलीस, तुझी ती शाळेतली गोल गोल सही. बरं वाटलं तुला. जाताना कोलंबीची पिशवी ठेवून गेलीस. अर्ज सोमवारी मी प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात देणार होते, कारण तुला बाजार होता.

त्याच शनिवारी तो माणूस दुकानात आला.

जयू, हे मी तुला कधी सांगितलं नाही. पांढरा शर्ट, हातात गाडीची चावी, चाळिशीचा असेल. अगदी सभ्य. आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. मी काढत असताना म्हणाला, कोलशेतच्या एक मासळीवाल्या बाई तुमच्याकडे येतात ना. मी म्हटलं, पुष्कळ लोक येतात. तो हसला. म्हणाला, त्यांना समजवा, उगाच कागदं करत बसू नका म्हणावं. मग झेरॉक्स घडी घालून खिशात ठेवली आणि जाता जाता म्हणाला, "तुमची समीक्षा ठाकुर्ली स्टेशनच्या पुलावरूनच जाते ना क्लासला? सकाळी गर्दी असते हो तिथे. सांभाळून जायला सांगा."

बस, एवढंच. ना आवाज चढवला, ना शिवी दिली. मी त्याला थँक यू म्हटलं. जयू, मी त्याला थँक यू म्हणाले.

घरी गेले तर समीक्षा सोफ्यावर पाय घेऊन अभ्यास करत होती. एकोणीस वर्षांची मुलगी, तिला काय सांगणार? मी फक्त म्हटलं, सोमवारपासून मी तुला क्लासला सोडायला येते. ती हसली, मम्मी मी काय केजीत आहे का म्हणाली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. रविवारी मी दर पाच मिनिटांनी खिडकीतून खाली बघत होते. सोमवारी सकाळी दुकान उघडलं, फाइल उघडली आणि पहिलं पान बदललं. नाव काढलं, टँकरचा नंबर काढला. ‘धोक्यात घातली आहे’ खोडून ‘धोक्यात आली आहे’ केलं. पाच मिनिटं लागली असतील. तुझ्या सहीचं दुसरं पान तसंच मागे जोडलं आणि ऑफिसात नेऊन दिलं. पोच घेतली. तुला फोन करून सांगितलं, दिला गं अर्ज.

तू म्हणालीस, "माझी वाघीण ती."

त्यानंतर चार महिने तू वाट बघितलीस. महादूला रोज सांगायचीस की सुनीने लिहून दिलंय, आता होईल. टँकर येत राहिला. दर बुधवारी तू विचारायचीस आणि मी म्हणायचे, सरकारी काम आहे, वेळ लागतो. तुझ्या पायावरची कातडी काळी पडली होती. मी डॉक्टरांकडे चल म्हटलं की तू म्हणायचीस, पाय माझा आहे, मी बघते, तू त्या अर्जाचं बघ. मी तुला कितीदा म्हटलं की खाडीत जाऊ नकोस, काही दिवस बाजार बंद ठेव. एकदा तर चिडून म्हटलं, तू स्वतःलाही धोक्यात घालतेस आणि आम्हालाही. तू ‘आम्हाला’ या शब्दावर थांबलीस. तुम्हाला कसं काय, विचारलंस. मी तेव्हा सांगू शकले असते. पंखा चालू होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, काही नाही गं, बोलायची पद्धत. आणि तू मान्य केलंस, कारण मी तुझ्याशी खोटं बोलेन असं तुझ्या मनातही आलं नसतं.

मग उत्तर आलं. एक पान. पाहणी केली असता घटनास्थळी कोणीही आढळून आले नाही, तसेच आपल्या अर्जात कोणत्याही व्यक्तीचे वा आस्थापनेचे नाव नमूद नसल्याने पुढील कार्यवाही करता येत नाही. तू मला फोनवर ते अडखळत वाचून दाखवलंस.  मागून तुझ्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"सुने, नाव तर होतं ना गो?"

मी म्हटलं, "होतं. त्यांनी नीट वाचलंच नसेल."

हे आपलं शेवटचं धड बोलणं, जयू. तू म्हणालीस, बरं, मग मीच त्यांना नाव ऐकवते. उद्या टँकर आला की मोबाइल चालू ठेवून ड्रायव्हरलाच विचारते, तुला कोणी पाठवलं. त्याच्या तोंडून नाव आलं की मग तर वाचतील. मी जाऊ नकोस म्हटलं. पण कशाला जाऊ नको ते सांगितलं नाही, आणि कारण न सांगता तुला थांबवणं कुणाला जमलंय?

पुढचं मी महादूकडून ऐकलं. तो होडी घेऊन नाल्याच्या तोंडाशी होता, शेजारचा हरेशही सोबत होता. उजाडत होतं. टँकर उभा होता, पाइप सोडलेला. त्या दिवशी बहुतेक आधीच कुणीतरी दुसरं काहीतरी ओतून गेलं असावं आणि दोन्ही मिसळून विषारी वायू झाला असावा, कारण नाल्यातून सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला, असं महादू म्हणाला. पाइप निसटला म्हणून ड्रायव्हर खाली उतरला आणि वाकला तो तसाच कोसळला. तू वर उभी होतीस, हातात मोबाइल. महादूने होडीतून ओरडून सांगितलं, उतरू नको. त्याला वास कळला होता. तुलाही कळला असणार, खाडीचा प्रत्येक वास तुला कळायचा.

तू मोबाइल दगडावर ठेवलास, पदर बाटलीतल्या पाण्याने भिजवून नाकातोंडाला बांधलास आणि उतरलीस. त्या माणसाच्या काखेत हात घालून त्याला अर्ध्यापर्यंत वर ओढलंस. महादू आणि हरेश दोर घेऊन धावत आले, त्यांनी आधी त्याला आणि मग तुला वर घेतलं. तू स्वतःच्या पायांनी रिक्षात बसलीस. संध्याकाळी श्वास लागायला लागला.

तो मोबाइल मी बघितलाय. शेवटचा व्हिडिओ बावीस सेकंदांचा आहे. तू ड्रायव्हरला विचारतेस, भाऊ, तुला कोणी पाठवलं? तो काही बोलत नाही, पाइपकडे बघतो आणि खाली उतरतो. मग तुझा आवाज, "अरे देवा." पुढे नुसतं आभाळ दिसतं.

हॉस्पिटलात मी दुसऱ्या दिवशी आले. तू मास्क लावून उशीला टेकून बसली होतीस, ओठ निळसर. रस्ताभर मी वाक्य पाठ करत आले होते. जयू, पहिलं पान मी बदललं. पाचच शब्द आहेत, बोलायला काही सेकंद पुरले असते. तू मला बघून हात पुढे केलास. मास्क बाजूला करून विचारलंस, "तो वाचला का?" मी म्हटलं, वाचला, वरच्या वॉर्डात आहे. तू डोळे मिटलेस, चेहरा सैल पडला. मी तुझा हात धरून होते आणि ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. तेवढ्यात सिस्टर आली, पेशंटला बोलायला लावू नका म्हणाली आणि मला बाहेर काढलं. खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. उद्या सांगू असं म्हणत मी जिना उतरले. त्याच रात्री तुला व्हेंटिलेटर लावलं, आणि चौथ्या दिवशी तू गेलीस.

मग बातमी आली. ‘स्वतःचा जीव धोक्यात घालून.’ तू शेवटपर्यंत भांडत होतीस ना, की धोक्यात घालणाऱ्याचं नाव लिहा? शेवटी नाव लिहिलं गेलं, जयू, पण तुझं. जणू त्या नाल्यात विष आपोआप तयार होतं आणि तू आपणहून त्यात उतरलीस. आणि गुन्हा दाखल झाला तो ड्रायव्हरवर. बबन नाव त्याचं, कल्याण पूर्वेला राहतो. हलगर्जीपणा. ज्याचं नाव घालू नको म्हणून तू माझ्याशी भांडली होतीस, नेमकं त्याचंच एकट्याचं नाव. गोदामाला कुलूप लागलंय आणि पाटी उतरवलीय.

तुझ्या बाराव्याला मी आले. जेवणं झाल्यावर महादू धक्क्यावर एकटा बसला होता, त्याच्या बाजूला जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तो माणूस, समीक्षा, पान, फोनवरचं खोटं.  महादूने मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. सगळं झाल्यावर पाण्याकडे बघत म्हणाला,

"ती सगळ्यांना सांगत व्हती, सुनी हाय माझी."

एवढं बोलून तो उठला आणि गेला. माफ केलं नाही. करावं असं मीही म्हणत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी समीक्षाला आणि तिच्या पप्पांना समोर बसवून सांगितलं. नवरा म्हणाला, तेव्हाच बोलली असतीस तर आपण तिघांनी काहीतरी ठरवलं असतं. समीक्षाने विचारलं, "मम्मी, माझ्यासाठी केलंस?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, मला विचारायचं होतंस. मग आत जाऊन दार लावून घेतलं. सकाळी तीच माझ्याआधी तयार होऊन बसली होती, पोलीस स्टेशनला सोबत यायला.

जबाब घेणारे साहेब माझ्या वयाचे होते. मी कॉम्प्युटरमधली मूळ फाइल, तारखेसकट, आणि तुझे सगळे फोटो पेनड्राइव्हवर नेले होते. पान बदलल्याचंही सांगितलं. ते लिहायचे थांबले. हे तुमच्यावरच येऊ शकतं, कळतंय ना, म्हणाले. मी म्हटलं, कळतंय. समीक्षाने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढे त्यांनी लिहून मला वाचून दाखवलं, त्यात होतं, ‘खाडी परिसरातील नागरिकांचे जीव धोक्यात आले.’ जयू, त्यांची काही चूक नव्हती. हात तसाच वळतो, मीही वर्षानुवर्षं तेच टाइप केलंय. मी म्हटलं, साहेब, आले नाही. घातले. आणि कोणी ते आधी लिहा. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं. "नाव घेताय?" मी नाव घेतलं. गोदामाच्या मालकाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तू सांगितलं होतंस तसं. आवाज चिरका निघाला, पण निघाला. त्यांनी लिहिलं.

बाहेर आले तर महादू व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. कुणी सांगितलं माहीत नाही. माझ्याशी बोलला नाही, अजूनही बोलत नाही. साहेबांनी हाक मारल्यावर आत गेला, त्याचा जबाब द्यायला.

मला वाटलं होतं बोलून टाकलं की भीती जाईल. तसं काही झालं नाही. उलट आता ती जास्त आहे, कारण आता तिला कारण आहे. गेल्या आठवड्यात दुकानाच्या कुलपात कुणीतरी फेविक्विक भरून ठेवलं होतं. अनोळखी नंबरवरून फोन येतात, उचलला की कुणी बोलत नाही. समीक्षा मैत्रिणींसोबत जाते, पोहोचली की मेसेज करते, आणि तो येईपर्यंत मी एकही ओळ टाइप करू शकत नाही. तुला भीती वाटायची का, जयू? कधी विचारलंच नाही. मला वाटायचं तुझ्यात ती नाहीच. आता वाटतं, त्या नाल्यात पाय टाकताना तुला वाटली असणार, आणि हे आपण कधीतरी बोलायला हवं होतं.

काल सकाळी एक बाई आली. तिशीची, पिवळी साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. बराच वेळ बाहेर उभी होती, शटरखालून मला तिची स्लिपर दिसत होती. शेवटी मीच शटर वर केलं. ती बबनची बायको होती, संगीता. कोर्टातल्या कुणीतरी तिला अर्जासाठी माझ्याकडे पाठवलं होतं, मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तिने माझे हात धरले आणि तुझं पूर्ण नाव विचारलं, बबनला सांगायचं होतं. त्याला वाचवणाऱ्या बाईचं नाव त्याला बॅनरवरून नको होतं म्हणे, कुणा ओळखणाऱ्याकडून हवं होतं. मी सांगितलं, जयवंती. जयू म्हणायचो आम्ही.

मग तिने पिशवीतून मोबाइल काढला. कामाला जायच्या आदल्या दिवशी त्याला आलेले मेसेज होते त्यात, कुठे जायचं, किती वाजता, नाल्याला पाइप कुठून लावायचा. पाठवणाऱ्याचं नाव वर स्पष्ट होतं. तेच नाव. बबन तयार आहे, म्हणाली, सगळं सांगायला. आधी घाबरला होता. शेठने वकील देतो म्हणून सांगितलंय, तोंड बंद ठेवलं तर. पण तो आता झोपत नाही, म्हणाला, त्या ताई मला नाव विचारत होत्या आणि मी गप्प बसलो.

ती खुर्चीत बसली, तुझ्या खुर्चीत, आणि मी लिहायला घेतलं. ती सांगेल तसं. ‘मला सदर ठिकाणी टँकर रिकामा करण्यासाठी यांनी पाठवले.’ मग ते नाव. पूर्ण. तिचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले होते, माझे कीबोर्डवर. छापलं, तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. बबनच्या सहीसाठी जागा सोडली, अर्ज आणून देणारी म्हणून तिने खाली सही केली.

पेन खाली ठेवताना तिने विचारलं, "ताई, आम्हाला काही होणार नाही ना?"

काही नाही होणार गं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. किती सोपं असतं ते. मी म्हटलं, "मला माहीत नाही, संगीता. मलाही भीती वाटते."

 मग मी कॉम्प्युटर बंद केला, शटर पूर्ण खाली ओढलं आणि तिच्यासोबत बबनची सही घ्यायला गेले.

तुझी,
सुनंदा